कृष्णाघाटावरची आंघोळ

"थुंका की त्याच्यावर," दऱ्याप्पा म्हणाला.

माझ्या चिमटीत गळाला अर्धवट ओवलेलं गांडूळ वळवळत होतं. मी थुंकायला गेलो, पण तोंडात थुंकीच नव्हती.

"मास्तरकी करून तोंड वाळलं जनू. द्या हिकडं." त्यानं गळ माझ्या हातून घेतला, गांडूळ नीट ओवलं, त्यावर थुंकला आणि काठी परत माझ्या हातात दिली. "थुकल्याबिगर मासा तोंड लावत न्हाई. आता गावला तर निम्मा माजा."

"सगळाच तुमचा. मी माशाचं काय करू?"

"खायाचा. दुसरं काय, शाळंत घालतासा?"

मी गळ पाण्यात टाकला. मोरपिसाच्या देठाचं बूच दोनदा डुचमळलं आणि उभं राहिलं. दऱ्याप्पानं आपल्या गळाला बेडकाचं एवढंसं पिलू लावलं आणि काठालगतच्या लव्हाळ्यात अलगद सोडलं. मग आम्ही दोघं दगडावर बसलो.

अठरा वर्षं झाली त्याला. फेब्रुवारी महिना, पहाटेचे साडेपाच वाजले असतील. मिरजेच्या कृष्णाघाटापासून थोडं वरच्या अंगाला आम्ही होतो. नदीवर धुकं होतं, रेल्वेच्या पुलाचे खांब तेवढे दिसत होते. दवाखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनची सायकल मागून आणली होती. साठीच्या दऱ्याप्पाला कॅरिअरवर बसवून मी पाच किलोमीटर पायडल मारलं होतं, आणि त्याच्या दोन काठ्या माझ्या कानाशी सारख्या लागत होत्या.

आमची ओळख नऊ दिवसांची. अतिदक्षता विभागाबाहेरच्या हॉलमध्ये माणसाला नाव नसतं. आत आपलं माणूस ज्या खाटेवर, तो आपला नंबर. मी सात नंबर, दऱ्याप्पा अकरा नंबर. जयसिंगपूरच्या एक मावशी होत्या, त्यांचा मुलगा चार नंबरला, म्हणून त्या चार नंबर. वॉचमन दार उघडून आकडा पुकारायचा, त्या आकड्याचं माणूस धडपडत उठायचं. खालचा चहावालासुद्धा "सात नंबर, कटिंग का फुल?" असंच विचारायचा. दऱ्याप्पा मला मास्तर म्हणायला लागला आणि मी त्याला नावानं हाक मारायला लागलो, तेव्हा हॉलमधल्या लोकांना वाटलं आम्ही आधीचेच ओळखीचे.

सात नंबरवर माझी अक्का होती. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मी नऊ वर्षांचा असताना आईवडील एका पाठोपाठ गेले. अक्का पोस्टात लागली, तिनं मला शिकवलं, नोकरीला लावलं, माझं लग्न करून दिलं. स्वतः केलं नाही. माझ्यामुळं केलं नाही, असं एकदाही बोलून दाखवलं नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं. एका सकाळी वेणी घालता घालता तिच्या डोक्यातली शीर फुटली, गडहिंग्लजहून मिरजेला आणेपर्यंत ती बोलायची थांबली, आणि त्यानंतर अठरा दिवस मशीन तिची छाती हलवत होतं.

आदल्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला आत बसवून घेतलं होतं. फार चांगला माणूस. ते म्हणाले, "सुधारणा होईल असं मला वाटत नाही. असंच ठेवायचं की घरी न्यायचं, हे तुम्ही ठरवा. घाई नाही. उद्या अकराला सांगा." घरी न्यायचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला कळलं होतं. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." दुसरं कुणी विचारायला नव्हतंच.

दऱ्याप्पाला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं बुचावरची नजर काढली नाही. तसाच म्हणाला, "काय सांगनार हायसा डाक्टरला?"

"माहीत नाही."

"रातभर जागंच हुतासा की."

"जागा होतो, पण विचार केला नाही. डोकं चालतच नाही, दऱ्याप्पा. दाढ काढताना गाल बधिर होतो ना, तसं झालंय. रडूही येत नाही. काल जेवणात मीठ नव्हतं म्हणे, सगळे ओरडत होते. मी अख्खं ताट खाल्लं."

"मग हितं बसलासा त्ये झ्याक झालं. माशाला बी कायसुदिक वाटत न्हाई. दोघं बगा एकमेकाकडं."

असं बोलायचा तो. इतर लोक धीर द्यायला लागले की मला उठून जावंसं वाटायचं. त्याच्यापाशी बसवायचं.

दऱ्याप्पा जातीनं भोई. कुडचीच्या अलीकडं नदीकाठाला त्याचं गाव, सगळा जन्म पाण्यात गेलेला. त्याची बायको बाळव्वा हिच्या पायातून लुळेपणा वर चढत आला होता. पाय गेले, हात गेले, मग श्वास अडायला लागला आणि तिलाही मशीन लावलं. पण हा आजार चढतो तसा उतरतो, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आणि खरंच तो उतरायला लागला होता. चार दिवसांपूर्वी तिनं डोळे उघडून याला ओळखलं. परवा बोटं हलवली. हॉलमध्ये अकरा नंबरचा बोलबाला झाला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी अकरा नंबर.

आज तिच्या घशातली नळी निघणार होती. त्यासाठीच तर ही पहाट होती. त्याला मरळ हवी होती.

"मरळीचं पानी पाजतो तिला. आधी पानी, मग दोन दिसानं मऊ भातात कालवून. आमच्यात बाळंतिणीला द्येत्यात. लई ताकद आसती मरळीत, पान्याभायेर काडली तरी दोन-दोन तास मरत न्हाई. काल मी तिला इचारलं, मरळ आनू का? बोट दाबलं माजं."

"खरंच दाबलं की तुम्हाला वाटलं?"

"आवो पस्तीस वरीस दाबतीया. मला कळत न्हाई व्हय?"

हॉलमध्ये आकडा पुकारला तर ओ द्यायला कुणीतरी असावंच लागायचं. दऱ्याप्पाचा मुलगा ऊसतोडीसाठी गावाला गेलेला. म्हणून चार नंबरच्या मावशींना सांगून आलो होतो. त्यांच्याकडं मुलाचा मोबाइल होता, माझा नंबर मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला होता. "जा की रे बाबांनो," त्या म्हणाल्या, "इतके दिवस त्या फरशीवर पाठ टेकताय. जरा वारं लागू द्या अंगाला. दोघांचं मी बघते."

सहाच्या सुमाराला लव्हाळ्यात पाणी फुटलं. दऱ्याप्पा एकदम उभा राहिला, पण ओढलं नाही. त्यानं काठी पुढं झुकवून गळाची दोरी, तंगूस, सैल सोडली. मी "ओढा, ओढा" करत होतो. "गप बसा," तो दातओठ खात म्हणाला. "गिळू द्या बेडूक. वरात काडल्यावानी घिऊन जाती." तंगूस लव्हाळ्यातून सरकत सरकत खोल पाण्याकडं निघाली आणि मग त्यानं एकच हिसका दिला. मरळ हातभर लांब निघाली. काळीशार, अंगावर पांढरे ठिपके. काठावर आपटून तिनं आम्हा दोघांना चिखलानं माखलं. दऱ्याप्पानं तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि पोरासारखा हसायला लागला. पुढचे दोन दात नव्हते त्याला.

"बाळव्वाचं नशीब बगा, मास्तर! पयल्या झटक्याला!"

त्यानं ओल्या पोत्यात मरळ घातली, तोंड बांधलं, पोतं पाण्यात अर्धं बुडवून ठेवलं. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला.

"सात नंबर?" मावशी. आवाज बसलेला होता. "अहो, लवकर या. आत्ताच वॉचमन बाहेर आला होता. सात नंबर, सात नंबर करून दोनदा ओरडला. मी गेले पुढं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, नातेवाइकांना बोलवा. सात नंबर आटपला म्हणे, सव्वापाचला. या हो बाबा. धीर धरून या."

"बरं," मी म्हणालो. फोन बंद केला.

दऱ्याप्पा माझ्याकडं बघत होता.

"अक्का गेली," मी म्हणालो.

त्यानं हातातली काठी टाकली. चिखलाच्या हातांनी मला कवटाळलं आणि मोठ्यानं रडायला लागला. त्यानं अक्काला कधी पाहिलं होतं? दाराच्या काचेतून, नळ्यांच्या गर्दीत. तरी बायकांसारखा गळा काढून रडला तो. मला त्याच्या खांद्यावरून नदी दिसत होती. धुकं विरळ होत होतं, पलीकडं अर्जुनवाडच्या बाजूला कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या होत्या. मी त्या मोजल्या. सहा होत्या.

"बरं झालं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. "आता मला काही सांगावं लागणार नाही."

मिठी सोडून त्यानं डोळे पुसले. "व्हय," तो म्हणाला, "बरं झालं. लई हाल हुते तितं. सुटली बाई. द्येवानं तुमच्या हातानं करू दिलं न्हाई, त्ये बगा."

मग त्यानं मला पाण्यात उतरवलं. बातमी कळल्यावर आंघोळ करायची असते, आणि नदीवर असून पारोशानं दवाखान्यात जायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात गेलो. "मी बी घालतो डुबकी," तो म्हणाला. "नऊ दीस एका जाग्याला ऱ्हायलोया. माजी बी भनच की ती." आम्ही शेजारी शेजारी तीन डुबक्या घेतल्या. त्यानं ओंजळीत पाणी धरलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पाणी सोडलं. मीही सोडलं.

पाणी गार होतं आणि ते मला गार लागलं. अठरा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. बाहेर येईपर्यंत दात वाजायला लागले, आणि मग भूक लागली. सडकून भूक. परतताना रस्त्याला एका गाड्यावर कांदाभजी तळत होते, तर थांबून चार खावीत असं माझ्या मनात आलं. थांबलो नाही, कारण मागं दऱ्याप्पा बसला होता. मला हलकं वाटत होतं. हे लिहायला अठरा वर्षं लागली, पण खरं तेच आहे. शाळा सुटल्यावर पोरांना वाटतं तसं मला वाटत होतं.

कॅरिअरवर पोतं मांडीत धरून दऱ्याप्पा सारखा बोलत होता. अक्काला गावी न्यायला गाडी कुठं मिळते ते त्याला ठाऊक होतं. मिरजेबाहेरच्या फाट्यापर्यंत तो माझ्याबरोबर येणार होता. "नळी अकराला काडत्यात. तवर मी तुमच्यासंगं. एकटं न्हाई जाऊ देनार."

सात वाजता हॉलमध्ये पोचलो. मावशींनी माझा हात धरला. ओले कपडे बघून त्यांना कळलं, त्या आणखीच रडायला लागल्या. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. वॉचमन दार उघडून म्हणाला, "सात नंबर? एकच माणूस चला आत."

मी चपला काढल्या, हिरवा डगला चढवला आणि आत गेलो. सात नंबरभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर कागद घेऊन उभ्या होत्या. "तुम्ही कोण, मिस्टर?"

"भाऊ."

त्यांनी पडदा सरकवला. खाटेवरच्या बाईच्या कपाळावर गोंदण होतं. हातात हिरव्या बांगड्या, एका हातातल्या पट्टीनं मागं सारलेल्या. चेहरा मोकळा होता, नळी काढलेली होती. ती बाळव्वा होती.

मी वळून बघितलं. पलीकडं भिंतीजवळ, अकरा नंबरवर, अक्का होती. मशीन चालू होतं. छाती वर होत होती, खाली होत होती.

सिस्टर सांगत होत्या. पावणेपाचला हिचं हृदय अचानक बिघडलं. या आजारात होतं असं कधीकधी. सात नंबरची खाट त्यांच्या टेबलाजवळची, सगळी यंत्रं तिथं, म्हणून अक्काला पलीकडं सरकवून हिला इकडं घेतलं. अर्धा तास सगळ्यांनी खटपट केली. "तेव्हाच बाहेर पुकारलं, पण सगळे झोपेत, कुणीच आलं नाही," त्या म्हणाल्या.

मी ऐकत होतो, आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली. अकरा वाजणार. पुन्हा अकरा वाजणार आणि मला सांगावं लागणार. अक्का जिवंत आहे याचा आनंद नाही, दऱ्याप्पाचं काय होईल याची काळजी नाही. ते दोन्ही मागून आलं. आधी हे आलं.

बाहेर दऱ्याप्पा मावशींना समजावत होता. पोतं त्यानं भिंतीशी ठेवलं होतं, त्याखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

"दऱ्याप्पा," मी म्हणालो, "आत तुम्हाला बोलावलंय."

"मला? मी कशाला, तुमी भाऊ हायसा की."

"रात्री खाटा बदलल्या. सात नंबरवर बाळव्वा आहे."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग आपल्या ओल्या सदऱ्याकडं बघितलं. तो आत गेला, चपला काढायलाही विसरला. वॉचमननं अडवलं नाही. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून हॉल कान देऊन थांबला होता, पण काहीच आवाज आला नाही. त्यानं सगळं रडणं नदीवर संपवलं होतं.

कागद झाले. त्याच्या मुलाला मी फोन केला. गाडी आणली, बाळव्वाला ठेवलं. पोतं मावशींनी कुणाला तरी दिलं, कुणाला ते मी विचारलं नाही. दऱ्याप्पा गाडीत तिच्या उशाशी बसला होता. दार लावणार तेवढ्यात त्यानं मला जवळ बोलावलं.

"मास्तर, नदीवर मी काय म्हनलो हो?"

"कधी?"

"फोन आल्यावर. बरं झालं म्हनलो न्हवं मी? सुटली म्हनलो."

"नाही," मी म्हणालो. "ते मी म्हणालो. तुम्ही नुसते रडत होता."

"तुमी म्हनलासा?"

"हो. मी एकटाच म्हणालो."

त्यानं माझा चेहरा नीट निरखला. मग मान हलवली. त्याला पटलं की नाही, कोण जाणे. गाडी गेली. त्यानंतर आमची भेट नाही. त्याच्या गावावरून दोनदा गेलो, उतरलो नाही.

अकराला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पाठीवर सदरा अजून ओला होता. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "काय ठरवलंत?"

आदल्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत होतं. घरी नेतो म्हणालो तर ते कुणासाठी म्हणेन, हे मी नदीवर पाहिलं होतं.

"ठेवा," मी म्हणालो.

"विचार करून सांगताय ना? त्यात त्यांचं काही भलं..."

"ठेवा. आहे तोवर ठेवा."

अक्का आणखी एकोणीस दिवस राहिली. पाठीला जखमा झाल्या. हात सुजून फुगले. डॉक्टरांनी आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. विसाव्या दिवशी ती आपली आपण गेली, तेव्हा मी दाराबाहेर फरशीवर बसलो होतो, आणि मला काहीही वाटलं नाही.

तेराव्याला गाव जमलं होतं. भाऊ असावा तर असा, म्हणाले. सदतीस दिवस जागचा हलला नाही, शेवटपर्यंत बहिणीची आशा सोडली नाही. अजूनही म्हणतात. मी ऐकून घेतो. आशा मी कधीच सोडली होती. त्या सकाळी मला बरं वाटलं, त्याची शिक्षा मी घ्यायला हवी होती. मी ती अक्काला दिली.